रणगाड्याला रंग देण्याआधी थोडं खरवडून बघा

१५ ऑगस्ट जवळ आला की गावोगावच्या चौकात शिड्या लागतात. हुतात्मा स्मारक, शाळेचा ध्वजस्तंभ, आणि जिथं सैन्याकडून मिळालेली तोफ किंवा रणगाडा ठेवलाय तिथं तोही, सगळं एकाच ठेकेदाराकडं. हार्डवेअरच्या दुकानातून ऑइल पेंटचे डबे येतात. हिरवा, पिवळा, चॉकलेटी. दोन दिवसांत रणगाडा असा चकाचक होतो, की जत्रेतलं खेळणंच. लोक सेल्फी काढतात, पुढारी हार घालतात, काम फत्ते.

यात कुणाची नियत वाईट नाही. लोखंडाला रंग नाही दिला तर गंज खातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण त्या चकाचक थराखाली काय गाडलं जातं, याचा विचार कुणी करत नाही म्हणून आज लिहितोय. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

आपल्याकडं देवाच्या मूर्तीवर वर्षानुवर्षं शेंदूर चढत जातो. मूळ दगडावर काय कोरलंय ते पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिलेलं नसतं. मग एक दिवस शेंदराचं कवच गळून पडतं आणि आत रेखीव मूर्ती निघते, हातात आयुधं, गळ्यात अलंकार. बातमी होते, रांगा लागतात. लष्करी वाहनाचं अगदी तसंच असतं. फरक एवढाच, की शेंदूर मूर्तीला सांभाळून ठेवतो आणि आपला ठेकेदार नवा रंग मारण्याआधी जुना ग्राइंडरनं साफ घासून काढतो. एकदा घासलं की संपलं. त्या थरात वाहनाचा नंबर असतो, पलटणीची खूण असते, कधी रणगाड्याला दिलेलं नाव असतं.

हो, रणगाड्याला नाव असतं. आपल्या तालुक्याशी नातं असलेलं एक उदाहरण सांगतो.

शिरूर म्हणजे घोडनदीला इंग्रजांची छावणी होती, हे आपल्याला माहीत आहे. १८१७ साली पुण्याच्या तहानंतर उभं राहिलेलं पूना ऑक्झिलिअरी हॉर्स हे घोडदळ. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून जी तुकडी कोरेगावकडं निघाली, तिच्यात पायदळाबरोबर याच घोडदळाचे स्वार होते. पुढं हेच दल पूना हॉर्स म्हणून नावारूपाला आलं, घोडे जाऊन रणगाडे आले, आणि आज ती भारतीय सैन्याची १७ हॉर्स ही रेजिमेंट आहे. १९६५ च्या फिल्लोराच्या लढाईत तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय वर्षं एकवीस, जन्म पुण्याचा. १६ डिसेंबरला तो सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता गेला. त्यालाही परमवीर चक्र. त्याच्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता, नंबर जेएक्स २०२.

तो रणगाडा दुरुस्त करून जतन केलाय, नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये. शिकरापूरवरून सरळ नगर रस्ता धरला की दोनेक तासांत आपण त्या शहरात असतो.

आता कल्पना करा, नाव आणि नंबर न वाचताच त्या सेंच्युरियनला कुणीतरी सरसकट हिरवा रंग फासला असता तर? लोखंड तेच राहिलं असतं, वजनही पन्नासेक टन तेवढंच. पण तो ‘एक रणगाडा’ झाला असता. फामागुस्ता राहिला नसता.

म्हणूनच मूळ रंग शोधणं म्हणजे हौशी लोकांचं खूळ नाही. तो कागदपत्र वाचण्याचाच प्रकार आहे. फक्त कागद लोखंडाचा आणि शाई रंगाची.

बरं, ‘मिलिटरीचा हिरवा’ असा एकच रंग असतो, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. नगरलाच रणगाड्यांचं संग्रहालय आहे, फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेलं. ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, अमेरिकन शर्मन, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, जपानी रणगाडे, रोल्स रॉईसची चिलखती गाडी, सगळी मंडळी एका आवारात. मुलांना घेऊन जरूर जा. तिथं उभं राहिलं की लक्षात येतं, यातल्या प्रत्येक देशाचं रंगाचं शास्त्र वेगळं होतं.

सुरुवात तर आपल्याच मातीतून झाली. खाकी म्हणजे खाकेचा, धुळीचा रंग. १८४६ साली पेशावरच्या बाजूला उभ्या राहिलेल्या गाइड्स दलानं लाल-पांढरे भपकेदार कपडे टाकून मातकट कपडे घातले, तिथून हा शब्द जगभर गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी गाड्यांचा रंग तीन-चार वेळा बदलला. आधी खाकी ग्रीन. मग हिरव्या रंगासाठी लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साईडची टंचाई पडली, तेव्हा १९४२ च्या सुमारास सगळं चॉकलेटी. १९४४ मध्ये परत हिरवट, कारण अमेरिकेकडून हजारो गाड्या येत होत्या आणि त्या पुन्हा रंगवण्यापेक्षा आपलाच रंग त्यांच्याजवळ नेलेला परवडला. ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी आणखी वेगळा, जंगल ग्रीन. म्हणजे रंग ठरवताना सेनापती जेवढा बोलायचा, तेवढाच कोठारातला कारकूनही.

आणि अमेरिकन जीपचा तो प्रसिद्ध ऑलिव्ह ड्रॅब? त्यात मुळात हिरवं रंगद्रव्य मुख्य नाहीच. पिवळी माती आणि काळा. आपल्या घराच्या भिंतीला पूर्वी पिवडी लावायचे ना, त्या पिवडीत काजळी कालवून बघा, करड्या ऑलिव्हसारखा हिरवट रंग दिसेल. स्वस्त, उन्हात टिकणारा आणि कुठंही मिळणारा, म्हणून निवडला. आजचे पेंटर ‘मिलिटरी कलर’ म्हटलं की हिरव्याचा डबा उघडतात, आणि जीप पोपटासारखी दिसायला लागते, त्याचं मूळ इथं आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आता जीपकडं येतो. ती आपल्या भागात घरोघरची आहे.

महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. पुढं सैन्यानं त्या भरपूर वापरल्या, आणि निकालात निघालेल्या गाड्या लिलावात विकल्या. त्यातल्या किती केंदूर, पाबळ, कान्हूरच्या रस्त्यांवर वऱ्हाडं, कांद्याच्या गोण्या आणि पाण्याच्या टाक्या वाहत होत्या हे जुन्या माणसांना विचारा. पाबळच्या विज्ञान आश्रमानं तर जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर बनवला होता, मेकबुल नावाचा. युद्धासाठी जन्मलेल्या यंत्राचा इतका चांगला शेवट दुसरा कुठला असेल, मला सुचत नाही.

तर आमच्या एका मित्राच्या पोल्ट्रीच्या शेडमागं अशीच एक जीप उभी होती. उंच बॉनेटची, महिंद्राची, सैन्याच्या लिलावातली, पन्नास वर्षं केव्हाच ओलांडलेली. बाहेरून पांढरी. तिला पूर्ववत करायचं ठरलं तेव्हा पेंटर म्हणाला, “काका, शेड कार्डावरचा एखादा मिलिटरी ग्रीन मारून टाकू, कोण बघतंय?” मी आणि मित्र दोघांनीही त्याला आठ दिवस थांबवलं.

मूळ रंग कुठं सापडतो? जिथं ऊन, हात आणि पेंटरचा ब्रश पोचत नाही तिथं. डॅशबोर्डवर रिव्हेट मारलेली ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या मागं. सीटखालच्या पेटीत. गिअरबॉक्सच्या झाकणाखाली. बिजागरीच्या पोटात. हेडलाइटच्या रिंगमागं. जिथं एक पत्रा दुसऱ्या पत्र्यावर बोल्टनं आवळलाय, तिथं दोन्हींच्या मधे. आम्ही पट्टी काढली तर मागं अगदी ताजा वाटावा असा गडद हिरवा.

पण तेवढ्यावर थांबायचं नाही. बाहेरच्या अंगाला, कुठल्यातरी सपाट पत्र्यावर, जुन्या रुपयाएवढी एक खिडकी उघडायची. ग्राइंडर नाही, रिमूव्हर नाही. बारीक वॉटर पेपर, साबणाचं पाणी आणि भरपूर सवड. गोल गोल घासत गेलं की एकेक थर कड्यासारखा उघडा पडतो, कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसा. आमच्या जीपला वरून पांढरा, खाली आकाशी, त्याखाली पुन्हा पांढरा, मग लांबी भरलेली, मग चकचकीत गडद हिरवा, त्याखाली मळकट मॅट हिरवा, आणि तळाला रेड ऑक्साईड. ही शेवटची विटकरी पुटी बघून पुष्कळ जण ‘अरे, ही मुळात लाल होती’ असा शोध लावतात. तो प्रायमर आहे, बाबांनो.

आकाशी थर कुठला, यावर मित्राच्या घरात अर्धा तास वाद झाला. शेवटी त्याच्या आईनं सांगितलं, थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी दिलेला. म्हणजे बघा, वरच्या थरांत घरचा इतिहास आणि खालच्या थरांत देशाचा.

दुसरी युक्ती उजेडाची. रात्री अंधारात बॅटरी पत्र्याला लागून, तिरपी धरायची. रंगाखालची जुनी अक्षरं किंचित उठून दिसतात, कारण नंबर टाकताना त्या जागी रंगाचा एक थर जास्त बसलेला असतो. आम्हाला बॉनेटच्या कडेला बाण दिसला. सैन्याच्या वाहनाच्या नंबरात वर तोंड केलेला बाण असतो, त्यापुढं वाहन घेतलेल्या वर्षाचे दोन आकडे, मग वर्गाचं अक्षर, मग क्रमांक. आमच्या बाणापुढचे दोन आकडे वाचता आले, पुढचं कुणीतरी कधीतरी घासून टाकलेलं. पण तेवढ्यावरून गाडीचं साल पक्कं झालं.

आता जुळवणी. यात बायकांकडून शिकण्यासारखं आहे. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस निवडताना त्या कधी दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवतात का? साडी आणि कापड घेऊन दाराबाहेर येतात. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी असतात. ऑलिव्हच्या बाबतीत हे हमखास होतं. म्हणून नमुना दिवसा, सावलीत, मोकळ्या आभाळाखाली बघायचा, आणि ओला असताना नाही, पूर्ण वाळल्यावर.

अजून दोन फसव्या जागा आहेत. बाहेरचा उघडा रंग उन्हानं खडूसारखा होतो, हात फिरवला की पूड लागते. तो मूळ रंगापेक्षा फिका दिसतो. उलट झाकलेल्या जागेतला एनॅमल अंधारात पिवळा पडतो, कारण त्यात जवसासारखं तेल असतं. तो पट्टीमागचा ‘ताजा’ हिरवा म्हणूनच जरा पिवळट होता. तुकडा काही दिवस उजेडात ठेवला तेव्हा पिवळेपणा बराच उतरला. खरा रंग या दोघांच्या मधे कुठंतरी असतो. तिसरी गोष्ट चमक. तोच रंग मॅट असला की फिका, ग्लॉस असला की गडद वाटतो. त्यामुळं रंग जुळला आणि चमक चुकली तरी सगळं वाया.

हल्ली रंगाच्या मोठ्या दुकानात नमुना मोजणारं यंत्र असतं. चांगलं आहे, वापरावं. पण ते समोर ठेवलेला तुकडा मोजतं, तो तुकडा कोणत्या सालचा आणि किती उन्हात भाजलेला हे त्याला कळत नाही. ते आपण सांगायचं. दुसरा आधार प्रमाणित क्रमांकांचा. ब्रिटिशांच्या ३८१ सी या रंगपत्रकात २२० म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, २२४ म्हणजे डीप ब्राँझ ग्रीन, जो युद्धानंतर ब्रिटिश सैन्याच्या गाड्यांना सर्रास असायचा. आपल्या भारतीय मानक ५ मध्येही अशाच तीन आकडी क्रमांकांची पद्धत आहे. ‘गडद हिरवा, जरा मातकट’ असं लिहून ठेवण्यापेक्षा क्रमांक लिहा, पन्नास वर्षांनी कुणालाही तोच रंग पुन्हा बनवता येईल.

जुन्या फोटोंवर मात्र फार विसंबू नका. कृष्णधवल फोटोत लाल आणि हिरवा एकाच राखाडीत येऊ शकतात. जुने रंगीत प्रिंट वर्षांनी लालसर पडतात. आणि माणसाची आठवण? आमच्या गावातल्या एका माजी सैनिकांना तो खिडकीतला थर दाखवला. ते लगेच म्हणाले, “हाच. ओजी.” मग बाजूचा दुसरा थर दाखवला. तेव्हाही म्हणाले, “हाच.” नंतर हसून म्हणाले, “अरे, प्रत्येक खेपेला डबा वेगळा यायचा, आणि डबा एक न्‌ गाड्या दोन असल्या की थिनर वाढवायचा.” मला त्यांचं हे उत्तर सगळ्या क्रमांकांइतकंच महत्त्वाचं वाटतं. एकच एक शुद्ध रंग शोधणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

इथं एक खरा प्रश्न येतो. मूळ म्हणजे कोणता? कारखान्यातून निघाला तो, की रणांगणावर होता तो? फामागुस्तासारख्या रणगाड्याचं मोल १६ डिसेंबर १९७१ या दिवसाचं आहे. तिथं मी कारखान्याचा रंग नाही, त्या दिवसाचा रंग धरीन. सैन्यानं नोकरीत असताना दिलेले थर हा वाहनाचाच इतिहास आहे. नोकरी संपल्यावर चौकात चढलेले थर हा फक्त आपला.

आता कायद्याचं बोलू, कारण मित्राची जीप तिथंच अडकली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण खात्याची वाहनं सोडून कुठल्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. नियमामागचं कारण रास्त आहे. सैन्यासारखी दिसणारी गाडी घेऊन कुणीही छावणीच्या फाटकात शिरू नये. सुरक्षेशी खेळ नको, याबद्दल माझं दुमत नाही.

पण जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी-चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली. नोंदणी शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला चालते. म्हणजे एक नियम सांगतो मूळ स्वरूप राखा, आणि सैन्याच्या जीपपुरतं दुसरा सांगतो मूळ रंग देऊ नका. माझं म्हणणं इतकंच, की व्हीए नोंदणी असलेल्या, रोज रस्त्यावर न येणाऱ्या आणि सैन्यातून आल्याचे कागद असलेल्या गाडीला या नियमातून सूट मिळावी. मोठ्या ठळक व्हीए पाटीची अट घाला, हवं तर प्रदर्शनापुरतीच परवानगी द्या. आपल्या खासदार-आमदारांनी एक पत्र लिहावं इतका हा छोटा विषय आहे.

तोवर कायदा तो कायदा. मित्रानं जीप मातकट खाकी रंगात केली, आरसीवर तसाच रंग नोंदवायला दिला. पण मूळ हिरवा पुसला नाही. डॅशबोर्डच्या पट्टीमागचा भाग आणि बॉनेटवरची ती रुपयाएवढी खिडकी तशीच ठेवून वर पारदर्शक लॅकर मारलं. शिवाय जुळवलेल्या हिरव्याची एक पत्र्याची पट्टी रंगवून, मागं क्रमांक आणि तारीख लिहून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली.

चौकातल्या रणगाड्याला मात्र हा नियम आडवा येत नाही. तो रस्त्यावर धावत नाही. तिथं मूळ रंग द्यायला अडचण फक्त एक, कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतीनं, नगरपरिषदेनं रंगकामाचा ठराव करताना त्यात चार ओळी वाढवाव्यात. आधी चारी बाजूंनी फोटो. तिरप्या उजेडात नंबर आणि खुणांचा शोध. एका कोपऱ्यात थरांची खिडकी उघडून तिचा फोटो. आणि सगळा जुना रंग घासून काढण्याऐवजी जिथं गंज आहे तिथंच खरवडणं. खर्च फार वाढत नाही, ठेकेदाराचे दोन दिवस जातात. नंबर सापडला तर हा रणगाडा कोणत्या रेजिमेंटचा, कुठं लढला, हे सैन्याकडं लेखी विचारता येतं. मग पाटीवर ‘विजयी रणगाडा’ असं मोघम लिहायची वेळ येत नाही.

शिरूर, दौंड, खेड, आंबेगाव भागात कुणाच्या शेडमध्ये, विहिरीच्या कडेला, गॅरेजमागं लिलावातली जीप, जोंगा, शक्तिमान किंवा त्यांचा नुसता बॉनेट पडून असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी डॅशबोर्डवरची पट्टी आणि तिच्यामागचा रंग यांचा दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा. घरातल्या जुन्या फोटोत अशी गाडी असेल तर फोटोच्या मागं गावाचं नाव, साल आणि गाडी कुणाकडून घेतली ते पेन्सिलीनं लिहा. हे सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत तोवर त्यांना या दिवाळीतच विचारून घ्या.